बुधवारी ती कधी खेळते?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

माझी मुलगी सहावीत आहे. मी बँकेत नोकरी करते, मिस्टर हिंजवडीला आयटीत आहेत. ते रात्री नऊच्या आधी घरी येत नाहीत. आम्ही कर्वेनगरला राहतो, सासूबाई सोबत असतात. मुलीला आम्ही काही कमी केलेलं नाही. अबॅकस, कथक, ऑनलाइन कोडिंग आणि रविवारी स्विमिंग असं सगळं लावलंय. तिचं आठवड्याचं वेळापत्रक सोबत जोडते आहे.

गेल्या महिन्यात पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक भेटीला, वर्गशिक्षिका म्हणाल्या, "ही वर्गात बोलत नाही, कशात भाग घेत नाही. सर्वांगीण विकासात मागे पडतेय. घरी जरा लक्ष द्या." मला फार लागलं. एवढी फी भरतो ती कशासाठी? सर्वांगीण विकास हे शाळेचं काम नाही का? यांच्याकडे खेळाचा तासही बऱ्याचदा गणिताला देऊन टाकतात. पण घरी विचारलं तर मुलगी नुसती म्हणते, "मला काहीच नको." कथकची परीक्षा जवळ आली की तिचे पाय दुखायला लागतात. आजीच्या गोळ्यांची डबी ती दर रविवारी भरते, तेवढंच काय ते मनापासून करते. सासूबाई म्हणतात, पोरीला मोकळं सोडा. मिस्टर म्हणतात, व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू. जबाबदारी नक्की कोणाची, आणि कोणता क्लास लावावा, हे सांगाल का?

— एक आई, कर्वेनगर

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही जोडलेलं वेळापत्रक मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त बुधवार वाचला. पावणेसहाला उठणं. सहा चाळीसला व्हॅनकाका. सव्वासात ते पावणेदोन शाळा. घरी पोचायला अडीच. साडेतीन ते साडेचार अबॅकस, पाच ते साडेसहा कथक, सात ते आठ कोडिंग. मग जेवण, गृहपाठ आणि साडेदहाला झोप. मी पेन्सिल घेऊन या सगळ्यात ती कधी खेळते ते शोधत होते. अडीच ते साडेतीन हा एकच तास सापडला, त्यातही जेवण आणि कपडे बदलणं आहे.

झोप मोजली तर ती सव्वासात तास भरते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे तुमची लेक रोज किमान पावणेदोन तास उधारीवर जगतेय. वर्गात ती गप्प असते यामागे आणखीही कारणं असतील, त्यांच्याकडे येतेच. पण रोज झोप अपुरी होणारं मूल हात वर करून बोलत नाही, याचं मला नवल वाटत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळांना सांगितलं, ते मुलांच्या झोपेपायीच. तुमची मुलगी सहावीत आहे, त्यामुळे तिला तो नियम लागू नाही. पण तिचं शरीर दोन वर्षांत काही मोठ्या माणसाचं झालेलं नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कोणताही नवा क्लास लावू नका. व्यक्तिमत्त्व विकासाचा तर मुळीच नको. जिच्याकडे व्यक्ती म्हणून काही करायला दिवसातून अर्धा तासही उरत नाही, तिच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास आणखी एका तासात कसा होणार?

आता जबाबदारीचं. तुमचा राग मला कळतो आणि तो बराचसा रास्त आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय की अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना मुलाचा सर्वांगीण विकास, त्याच्या शारीरिक आणि मानसिक क्षमता, कृतीतून आणि शोधातून शिकणं, भीती आणि ताणापासून मोकळीक या गोष्टींचा विचार व्हायला हवा. याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं, ग्रंथालय हवं असंही आहे. त्यामुळे "सर्वांगीण विकासात मागे" असा शेरा देऊन शाळेला हात झटकता येत नाहीत. खेळाचा तास गणिताला देणं हे तर मुलांच्या ताटातली भाजी काढून घेण्यासारखं आहे. ही तक्रार एकटीने, चिडून करू नका. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आणखी चार-पाच पालकांना सोबत घेऊन मांडा आणि खेळाचे तास किती झाले, किती गेले, याची नोंद मागा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हा विषय काढू नका, तिथे नुसता धुरळा उडतो.

पण ताई, त्या बाईंचा शेरा तुम्हाला जिथे लागला, तिथे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. मी पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. तुम्हाला ऐकवलेलं वाक्य मीही प्रगतिपुस्तकात लिहिलेलं आहे. एका मुलाच्या पुस्तकात तर सलग दोन वर्षं "भाग घेत नाही" असंच लिहिलं. सातवीतला मुलगा. मागच्या बाकावर बसायचा, प्रश्न विचारला की उभा राहायचा आणि तसाच उभा असायचा. त्रैराशिकात दहापैकी तीन. त्याच्या आईला मी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तक्रार सांगायलाच. ती माउली मान खाली घालून "बघते हं बाई" म्हणाली आणि गेली.

मग सिंहगडाच्या पायथ्याशी वर्गाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. स्वयंपाकाची मावशी आली नाही. आम्ही दोघी शिक्षिका तांदळाच्या पोत्यापुढे उभ्या, चाळीस मुलांना भात किती टाकायचा याचा अंदाज येईना. हा मुलगा मागून पुढे आला आणि म्हणाला, "चार किलो घ्या बाई. अर्धा किलो बाजूला ठेवा, सर लोक पण आहेत. पाणी मी सांगतो." भात मोकळा झाला आणि पुरला. त्याच्या आईची खानावळ होती. तो रोज संध्याकाळी तिथे हाताखाली असायचा. दहा माणसांना किलोभर तांदूळ, तर पंचेचाळीसांना किती, हे गणित तो शाळेत यायच्या आधीपासून करत होता. माझ्या वहीत त्याला तीन मार्क होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा हुशार निघाला म्हणून नव्हे. माझ्या मनाला खात होतं ते हे की दोन वर्षांत त्याच्या आईला मी एकदाही विचारलं नव्हतं, हा घरी काय करतो? तिनेही कधी सांगितलं नाही, कारण शाळेत सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नसणार. अर्धा मुलगा माझ्याकडे होता आणि अर्धा तिच्याकडे, आणि आमची भेट फक्त तक्रारीवर होत होती.

म्हणून तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलंय. "आजीच्या गोळ्यांची डबी ती दर रविवारी भरते, तेवढंच काय ते मनापासून करते." ताई, तुम्ही हे तक्रारीच्या ओघात लिहून पुढे गेलात. मला तर सगळ्या पत्रात तेच मोलाचं वाटलं. सात दिवस, सकाळ-दुपार-रात्रीचे एकवीस खण. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कुठली अर्धी. पाकिटावरची बारीक नावं वाचायची, चुकलं तर आजीला त्रास होईल हे माहीत असायचं, आणि तरीही दर आठवड्याला ते काम अंगावर घ्यायचं. भरून झाल्यावर मोठ्या माणसाने एकदा नजर टाकावी हे खरंच, औषधाचा मामला आहे. पण जी मुलगी "मला काहीच नको" म्हणते, तिने हे एक काम सोडलेलं नाही. का, ते बघा. अबॅकसला ती गेली नाही तर कोणाचं काही अडत नाही. डबी भरली नाही तर आजीचं अडतं.

मुलांना आपण केवढं देतो, याची यादी घराकडेही असते आणि शाळेकडेही. फीच्या पावत्या आणि उपक्रमांचे फोटो दोन्हीकडे जपून ठेवलेले असतात. मुलाकडून कोणी काही घेतं का, त्याच्यावाचून घरात किंवा वर्गात काही अडतं का, हे मात्र कोणीच विचारत नाही. घराने करायचं काम माझ्या मते इथेच आहे, आणि ते शाळा कितीही चांगली असली तरी करू शकत नाही. तिला आणखी एक-दोन खरी कामं द्या. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून पन्नास रुपयांत जे येईल ते तिने आणायचं. कोथिंबीर सुकलेली आणली तर त्या दिवशी तीच कोथिंबीर घालायची, बोलायचं नाही. शनिवारचा वरणभाताचा कुकर तिचा. पहिल्यांदा भात खाली लागेल, लागू दे. या कामांचे फोटो काढू नका आणि त्यांवर स्टार देऊ नका. कामासारखं काम असू दे.

शाळेचं काम वेगळं. घरी ती एकुलती एक आहे, सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच असतात. शाळेत ती चाळिसांतली एक असते, आणि ते तिला हवंच असतं. भांडण होऊन दुसऱ्या दिवशी आपलं आपण बोलायला लागणं, खोखोत बाद होऊन पुन्हा पाटीवर बसणं, चुकीचं उत्तर चारचौघांत देऊनही मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणं, हे तुम्ही घरी कितीही पैसे ओतलेत तरी देता येणार नाही. पुण्यात ही समज जुनी आहे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामसंस्था काढली तेव्हा शरीर घडवणं हा शिक्षणाचाच भाग मानला. १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था सुरू झाली, तिथेही बुद्धीची जोपासना आणि समाजात मिसळून काम करणं एकत्र धरलं गेलं. तुमच्या शाळेकडूनही याच रस्त्याची अपेक्षा ठेवा, पण ती त्यांच्याशी बोलून ठेवा.

तर आता बाईंना भेटा. पीटीएमच्या गर्दीत नको. तिथे प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात आणि मागे रांग असते. डायरीत चिठ्ठी लिहून पंधरा मिनिटांची वेगळी वेळ मागा. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यातच लिहिलेलं आहे, पण कायदा दाखवत जाऊ नका. गोळ्यांच्या डबीपासून सुरुवात करा. "बाई, ही घरी असं असं करते," एवढं सांगा आणि मग विचारा: मधल्या सुट्टीत ती कोणासोबत डबा खाते? कोणत्या तासाला तिची मान वर असते? सगळ्याच विषयांत गप्प असते, की फक्त उभं करून विचारलं की? या तीन प्रश्नांची उत्तरं बाईंकडे लगेच नसतीलही. मग म्हणा, पंधरा दिवस बघा आणि सांगा. ज्या बाईंना तुम्ही पाहायला सांगता, त्या पाहतात. माझ्या त्या खानावळीच्या मुलाच्या आईने मला हे विचारलं असतं, तर मीही पाहिलं असतं.

बाईंना आणखी एक विनंती करा. हिला स्टेजवर ढकलू नका, वर्गातलं एखादं काम द्या. वर्गाच्या वाचनपेटीची नोंद ठेवणं, प्रयोगाचं साहित्य मोजून परत लावणं, असं काही. बोलणं म्हणजे माईकपुढे बोलणं एवढंच नसतं. याच पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयातल्या मुलीने निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ती किती आणि कसं बोलायची, ते आज कोणाला ठाऊक? पण तिने लिहिलेलं अजून वाचलं जातं. तुमची लेक कागदावर बोलते का, आजीशी बोलते का, मोत्या-मांजराशी बोलते का, तेही बोलणंच आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. सुतार, कुंभार, माळी, कारागीर यांच्याकडे जाऊन हाताने काम शिकायचे ते दिवस. तुमच्या शाळेत ते होतात का, विचारा. होत नसतील तर पालक म्हणून तुम्ही काही जुळवून देऊ शकता का, तेही सांगा. शाळेला तक्रार करणारे पालक पुष्कळ भेटतात. "मी काय करू?" असं विचारणारे फार थोडे.

भेटीआधी घरी काही गोष्टी तपासून घ्या. डोळे तपासा. फळा नीट न दिसणारी मुलं मान खाली घालतात आणि आपण त्यांना बुजरी म्हणतो. तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते का, बघा. हे मी फार गंभीरपणे लिहितेय. शाळेचं स्वच्छतागृह घाण असलं किंवा कडी नीट लागत नसली की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. सहा-सात तास लघवी रोखून बसलेल्या मुलीचं वर्गात लक्ष लागत नाही, पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि ती कोणाला सांगत नाही. अकरावं वर्ष आहे. पाळीबद्दल तिच्याशी बोलला नसाल तर या आठवड्यात बोला, आणि शाळेत तशी वेळ आली तर कोणाकडे जायचं हेही ठरवून ठेवा. या भीतीपायी गप्प झालेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांना "सहभाग कमी" असे शेरे मिळत होते.

आणि जर बाई म्हणाल्या की ती एकटीच डबा खाते, किंवा हा बदल गेल्या काही महिन्यांतलाच आहे, किंवा सकाळी शाळेच्या वेळीच तिचं पोट दुखत असेल, तर थांबू नका. वर्गात, व्हॅनमध्ये किंवा क्लासमध्ये कोणी त्रास देतंय का, हे शांतपणे, तिला दोष न देता विचारा. शाळेच्या समुपदेशकाला भेटा, नाहीतर बाहेर बालमानसतज्ज्ञांना. लवकर गेलात तर गोष्टी हलक्या हाताने सुटतात.

क्लासचं काय करायचं ते तिच्यावर सोडा. चारांतला एक ठेवायचा, कोणता ते तू सांग, असं म्हणा. ती "कुठलाच नको" म्हणाली तर एक महिना कुठलाच नको. मला वाटतं, कथक ती स्वतःहून परत मागेल. तिला नाच नकोय की नाचाची परीक्षा, हे तिला विचारलं का? पाय परीक्षा जवळ आली की दुखतात, असं तुम्हीच लिहिलंय. परीक्षेला न बसता नुसतं नाचायला पाठवता येतं. गुरूंना विचारा, बरेच जण हो म्हणतात.

मोकळ्या वेळात ती मोबाइल घेईल ही तुमची भीती मी ओळखते. घेईल. पहिले दोन आठवडे तिला कंटाळा येईल, ती तुमच्यामागे भुणभुण करेल, आणि तो कंटाळा भरून काढायची घाई तुम्हालाच होईल. काढू नका. संध्याकाळी आठ ते नऊ घरातले सगळे फोन फ्रिजवर ठेवा. सगळे म्हणजे तुमचाही, आणि साहेब घरी असतील त्या दिवशी त्यांचाही. ती सोसायटीत खाली जाऊन मुलांमध्ये उभी राहिली, नुसती उभी राहिली, तरी पहिल्या आठवड्याला पुरे. या वयाला रोज निदान तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रविवारच्या एका स्विमिंगने ते भागत नाही.

मिस्टरांसाठी एकच काम. शनिवारी सकाळी तिला घेऊन टेकडीवर जावं, म्हातोबाच्या नाहीतर वेताळ टेकडीवर. वाटेत पाढे विचारायचे नाहीत, झाडांची नावं घोकून घ्यायची नाहीत. मोर दिसला तर बघायचा. ती गप्प चालली तर गप्प चालायचं. रात्री नऊला घरी येणाऱ्या बाबांना मुलगी काय सांगणार, तोवर ती पेंगुळलेली असते. टेकडीवर तिसऱ्या-चौथ्या शनिवारी ती काहीतरी सांगेल. महिन्यातून एखादा शनिवार आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेसाठी किंवा सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनासाठी ठेवायला हरकत नाही, पण तिला जावंसं वाटलं तरच. नाहीतर पुन्हा वेळापत्रकात एक चौकोन वाढायचा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या म्हणतात ते खरं आहे. मोकळं सोडा याचा अर्थ लक्ष काढून घ्या असा त्या करत नसणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मला पुन्हा लिहा. टक्के आणि शेरे नको, बाटली किती रिकामी येते आणि डबा कोणासोबत खाल्ला जातो, एवढं कळवा. आणि हो, येत्या रविवारी ती आजीची डबी भरत असेल तेव्हा शेजारी बसा. मध्ये हात घालू नका. एकवीस खण भरून झाले की ती डबी आजीपुढे धरेल, मोजायचं काम आजीचं.

तुमची,
ताई